हातगाडीच्या चाकात हवा भरताना

दिवाळे कोळीवाड्यात मासळी-बर्फ वाहणाऱ्या हातगाड्यांसाठी हे खास लिहितोय. छोट्या चाकात हवा मावतेच किती! मोठ्या कॉम्प्रेसरवर काही सेकंदांत दाब मर्यादेपलीकडे जातो. टायरच्या कडेवर कमाल दाब लिहिलेला असतो, बऱ्याचदा ३० पीएसआय. ट्रकला १०० च्या आसपास लागतो. म्हणून थोडी हवा भरा, थांबा, गेज लावा, मग पुन्हा. रिमच्या तोंडासमोर वाकू नका. चाक धावतं त्या दिशेला उभे राहा. खाऱ्या पाण्याने रिम गंजते. पापुद्रे सुटले असतील तर हवा भरूच नका, रिम बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन तुकड्यांची, नटबोल्टने जोडलेली रिम असेल, तर पूर्ण हवा काढल्याशिवाय एकही नट सैल करू नका.