बाळाच्या वाटीतले दही : रूप तेच, गुण वेगळे

उष्टावण झाली की घरातील ज्येष्ठ स्त्रिया बाळासाठी आवर्जून सुचवतात तो मऊ, कुस्करलेला दहीभात. बेंगळुरूतील कन्नड शेजारणी त्यालाच ‘मोसरन्न’ म्हणतात. आता मात्र याच शहरातील दुकानांत गाई-म्हशीच्या दह्याशेजारी नारळ, सोयाबीन, बदाम यांच्या रसाला विरजण लावून केलेले पदार्थही मांडलेले दिसतात. ‘गुडमिल्क’ या बेंगळुरूत सुरू झालेल्या उद्योगाने तर शेंगदाण्याचे दहीही ग्राहकांपर्यंत पोहोचवले. साहजिकच तरुण मातापित्यांना प्रश्न पडतो, हे बाळाला द्यावे का?

हा प्रश्न प्रामुख्याने दोन प्रकारच्या घरांत उद्भवतो. काही कुटुंबांनी प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य केलेले असतात. तर काही बाळांना दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या होणे, शौचातून रक्त पडणे ही तिची काही लक्षणे. अशा बाळाला म्हशीचे वा शेळीचे दूधही बहुधा सोसत नाही. काहींना सोयाबीनही बाधते. म्हणून निदान बालरोगतज्ज्ञांनीच करावे, तर्काने दूध बंद करू नये.

सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरच्या अन्नाबरोबर, वनस्पतिजन्य दही एक-दोन चमचे देता येते. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि शक्यतो सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. मात्र ते आईच्या दुधाची वा डॉक्टरांनी सुचवलेल्या शिशुआहाराची जागा घेऊ शकत नाही.

खरी मेख पोषणात आहे. गाईच्या शंभर ग्रॅम दह्यात साधारण तीन ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनचे दही त्याच्या जवळपास जाते. नारळाच्या दह्यात मात्र प्रथिने जेमतेम एक ग्रॅम आणि स्निग्धांश भरपूर. कॅल्शियम वरून मिसळलेले नसेल तर तेही अत्यल्प. सर्वांत महत्त्वाचे जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार असतो. तो काढून घेतला आणि पर्याय दिला नाही, तर बाळ मलूल होते, शिकलेल्या हालचाली विसरते, प्रसंगी हातपाय थरथरू लागतात. स्तनपान देणारी आईच दूध-दही घेत नसेल, तर धोका आणखी वाढतो. अशा वेळी दोघांसाठी बी-१२ची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

डब्यावरील मजकूर वाचणे म्हणूनच अगत्याचे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये वनस्पतिजन्य पेयांना दुधाचे नाव लावण्यास मनाई केली आणि २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम व चिन्ह आणले. परंतु ते चिन्ह घटकांविषयी सांगते, बाळाच्या पोषणाची हमी देत नाही. साखरविरहित, कॅल्शियम व बी-१२ मिसळलेले दही निवडावे. गोडीसाठी वर्षाच्या आतील बाळाला मध कदापि देऊ नये. कुस्करलेले केळे पुरेसे आहे.

दोन खात्यांची नावे सारखी असली, म्हणून त्यांतील शिल्लक सारखी नसते. बाळाची वाटी भरताना दह्याचा पांढरा रंग नव्हे, त्यातील शिल्लक तपासावी.