आधी फुंकर, मग बोटे



मी काही नामांकित कलावंत नाही. दिवसभर कचेरीत फाईली आणि रजिस्टरे सांभाळणारा साधा कारकून आहे. पण सोळाव्या वर्षी बासरी हाती घेतली ती आजतागायत सुटलेली नाही. गेली दहा-बारा वर्षे दर रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, आमच्या वस्तीतल्या विहारात मुलामुलींना बासरी शिकवतो. शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो, "सर, सूर का निघत नाही?" आणि त्याचे आईवडील दुसरा विचारतात, "सर, हा गाणं कधी वाजवणार?" या दोन प्रश्नांची उत्तरे अनुभवातून द्यावीत, म्हणून हा लेख.

आबांचा सवाल

आमचे आजोबा, म्हणजे आबा, गावात डफडे वाजवीत. पोळा असो, लग्न असो की मढे असो, निरोप आला की जावेच लागे. मोबदला पसाभर धान्य, आणि बसण्याची जागा अंगणाच्या बाहेर. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्या पोळ्याला गावाचा निरोप आला तेव्हा आबांनी सरळ नाही म्हटले आणि डफडे चुलीत घातले. त्याचा त्रास घराने पुष्कळ सोसला.

अशा घरात मी आठवडी बाजारातून बासरी विकत आणली. आबा तेव्हा सत्तरीत होते. बासरीकडे पाहून म्हणाले, "बापू, वाजवनं सोडलं तवा कुठं आपन मानसात आलो. तू पुन्हा काहून हाती धरलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी संध्याकाळी गावाबाहेर नाल्याकाठी जाऊन फुंकत बसायचो. तीन महिने गेले. एके दिवशी आबा काठी टेकत तिथे आले. बराच वेळ ऐकत बसले. मग विचारले, "तुले कोनी वाजवाले लावलं का?" मी म्हटले, "नाही आबा, माझ्या मनानं वाजवतो." ते म्हणाले, "मंग वाजव. पन कोनाच्या हुकमानं वाजवू नको."

ही गोष्ट आधी सांगितली, कारण शिकवताना मी एकदा हीच शिकवण विसरलो. ते पुढे येईलच.

बासरी कोणती घ्यावी

जत्रेत बांबूच्या दांडीला खोचून विकतात ती रंगीत बासरी खेळण्यापुरती ठीक. तिची भोके अंदाजाने पाडलेली असतात, म्हणून कितीही मेहनत केली तरी सूर पेटीशी जुळत नाही आणि पोराला वाटते की आपणच ढ. वाद्यांच्या दुकानातून साधी, पण सुरात लावलेली बासरी घ्यावी. एक-दोन दिवसांच्या मजुरीत ती येते. सुरुवातीला पांढरी एकची, म्हणजे दुकानदार 'सी' म्हणतो ती, साधारण दीड फुटाची बासरी बरी. मोठे वादक मैफलीत वाजवतात ती पांढरी तीनची लांब बासरी पाहून मोह होतो. पण तिच्या भोकांपर्यंत नवशिक्याची बोटे पोचत नाहीत आणि दमही पुरत नाही.

मुले विचारतात, आपल्या सातपुड्यात एवढा बांबू आहे, तर बासरी आपणच का करू नये? जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या डोंगरात आहे तो मानवेल बांबू. तो जाड सालीचा, पुष्कळदा भरीव असतो. काठीला उत्तम, बासरीला नाही. बासरीला पातळ सालीचा आणि लांब पेराचा बांबू लागतो. तो आसामातून येतो आणि उत्तर प्रदेशातल्या पिलीभीत गावात त्याच्या बासऱ्या होतात. बासरीच्या धंद्यावर त्या गावातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत.

पहिला महिना फक्त फुंकरीचा

नवशिक्याची सर्वात मोठी चूक म्हणजे पहिल्या दिवसापासून सहाही भोके झाकण्याचा प्रयत्न. सूर बोटांतून निघत नाही, ओठांतून निघतो. म्हणून आधी औषधाची रिकामी बाटली घ्या. तिचे तोंड खालच्या ओठाला लावा आणि आडवी फुंकर घाला. घुमल्यासारखा आवाज आला की समजा, वाट सापडली. तीच फुंकर बासरीवर आणायची.

फुंकण्याच्या भोकाचा साधारण तिसरा हिस्सा खालच्या ओठाने झाकावा. दोन्ही ओठांमध्ये अगदी बारीक फट ठेवावी. गाल फुगवू नयेत. हवा भोकाच्या पलीकडच्या काठावर आपटली पाहिजे. समोर आरसा ठेवला तर आपली चूक आपल्यालाच दिसते. पहिले काही दिवस चक्कर आल्यासारखे वाटते. हवा वाया जाते म्हणून असे होते. लगेच थांबावे, पाणी प्यावे, पुन्हा बसावे. दम्याचा किंवा छातीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

एक सूर दहा-बारा सेकंद न हलता टिकला की मगच बोटांकडे वळावे.

बोटांचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. वरची तीन भोके झाकली की सा. त्यातले खालचे एक उघडले की रे, आणखी एक उघडले की ग. सगळी उघडली तर तीव्र म येतो. शुद्ध म हवा असेल तर पहिले भोक अर्धे झाकावे लागते. आता उलटे चला. सा वाजवताना झाकलेल्या तीन भोकांखाली आणखी एक झाकले की खालचा नी, दोन झाकली की ध, सहाही झाकली की मंद्र प. आणि तीच सहा भोके झाकून ओठांची फट आणखी बारीक केली, फुंकर जोराची केली, की मधल्या सप्तकाचा प. पाहा, बोटे जागची हलली नाहीत, फक्त फुंकर बदलली आणि सप्तक बदलले. आधी फुंकर म्हणतो ते याचसाठी.

बोटे दाबून धरू नयेत, नुसती टेकवावीत. भोकाच्या कडेने जरा जरी हवा निसटली तरी सूर चिरकतो. डाव्या बाजूला धरावी की उजव्या, असेही विचारतात. ज्याला जे सोयीचे ते. पंडित हरिप्रसाद चौरसिया पैलवानाचे चिरंजीव. वडिलांना चोरून ते संगीत शिकले, आकाशवाणीत नोकरीला लागले, नावही झाले. पण अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेल्यावर त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा नवशिके होण्याची लाज वाटली नाही, मग आपल्याला कशाला वाटावी?

कानाने शिका

आपल्याकडची भीमगीतांची मंडळी कागद पाहून शिकली नाहीत, ऐकून शिकली. जगात इतरत्रही असेच आहे. १८४७ साली जर्मनीच्या थिओबाल्ड बोमने चाव्यांची धातूची बासरी तयार केली. पुढे मोठ्या वाद्यवृंदांनी ती उचलली आणि जुन्या लाकडी बासऱ्या मागे पडल्या. पण आयर्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या वादकांनी ती लाकडी बासरी सोडली नाही. तिलाही आपल्यासारखीच बोटांची सहा भोके. तिथे शेतकरी, मजूर संध्याकाळी एकमेकांच्या घरी जमून, ऐकून ऐकून शिकले. मॅट मोलॉय यांच्यासारखा जगप्रसिद्ध वादक त्याच परंपरेतला. एकच सूर दोनदा वाजवायचा असेल तर ते बोटाची झटकी देऊन सूर तोडतात. आपण बोट हळूच सरकवून सुराला सूर जोडतो, तिला मींड म्हणतात. तऱ्हा वेगळी, पण नवशिक्याची पहिली अडचण तिथेही फुंकरीचीच.

आपल्या देशात बासरीला मैफलीत मान मिळवून दिला तो पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी. त्यांनी सुमारे बत्तीस इंचांची लांब बासरी घडवली. त्याआधी ती गुराख्याचा पावा किंवा साथीचे वाद्य समजली जाई. त्यांचे वादन आज मोबाइलवर फुकट ऐकता येते. रोज पंधरा मिनिटे नुसते ऐकावे. तानपुराही मोबाइलवर मिळतो, तो लावून वाजवावे.

रियाज किती?

रविवारी तीन तास आणि आठवडाभर काही नाही, यापेक्षा रोजची वीस मिनिटे बरी. भगवान बुद्धांनी सोण भिक्षूला वीणेचा दाखला दिला होता. तारा फार ताणल्या तरी वीणा वाजत नाही, फार ढिल्या सोडल्या तरी वाजत नाही. रियाजाचेही तसेच आहे. घर लहान असेल, शेजाऱ्यांना त्रास होत असेल, तर शेत, मैदान किंवा विहार आहेच. वयाचेही बंधन नाही. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

आपल्या जिल्ह्यात, त्यातही घाटाखाली, उन्हाळा फार कडक. मे महिन्यात बासरी गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवली तर तडकलीच म्हणून समजा. महिन्यातून एकदा आतून-बाहेरून सरसूचे तेल हलक्या हाताने लावावे, वाजवून झाल्यावर आतला ओलावा कापडाने पुसावा आणि सुती पिशवीत ठेवावी. बासरीवर गुंडाळलेला दोरा शोभेचा नसतो. बांबू तडकू नये म्हणून तो असतो, उसवू नये.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सातवीतला एक मुलगा शिकत होता. ओठ चांगले लागलेले, कानही तयार. वडील हमाली करणारे. जयंतीला मुलाने स्टेजवर गाणे वाजवावे अशी त्यांची फार इच्छा. मलाही वाटले, आपला विद्यार्थी वस्तीसमोर दिसेल. जेमतेम दीड महिना झाला होता. मुलगा "नको सर" म्हणत होता, तरी मी त्याला उभे केले. लाउडस्पीकरवर प्रत्येक वरचा सूर चिरकला. समोर बसलेली पोरे हसली. तो खाली उतरला तो पुन्हा वर्गाला आलाच नाही. त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो. बासरी कपाटावर ठेवलेली दिसली. तो माझ्याशी नीट बोलला, पण बासरीला हात लावला नाही.

त्या रात्री आबांची फार आठवण आली. त्यांना गाव हुकूम करीत होते, त्या मुलाला मी केला. तेव्हापासून वर्गाचा नियम केला आहे: ज्याला वाजवायचे असेल त्याने स्वतः येऊन सांगावे, तोपर्यंत त्याला कोणी स्टेजवर नेणार नाही, मीसुद्धा नाही. आता जयंतीला आमच्या वर्गातून कधी एखादा वाजवतो, कधी कोणीच नाही. त्याचे वाईट वाटत नाही.

पालकांना विनंती

मुलगी बासरी फुंकणार म्हटले की काही घरांत नाके मुरडली जातात. हरिप्रसादजींच्या शिष्या देबोप्रिया आणि सुचिस्मिता चॅटर्जी या दोघी बहिणी देश-परदेशांत मैफली करतात. आमच्या वर्गातही मुली आहेत आणि रियाजात त्याच पुढे आहेत.

दुसरे म्हणजे, बासरीने अभ्यास बुडतो हा गैरसमज सोडा आणि बासरीने पोट भरेल ही घाईही सोडा. पुढे ज्याला आवड राहील त्याला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देता येतात. पण पहिल्या वर्षी परीक्षा नको, स्टेज नको आणि पाहुण्यांसमोर "जरा वाजवून दाखव" तर अजिबात नको.

तीन महिने घरात नुसते फूऽऽ फूऽऽ ऐकू येईल. ते सोसा. एखाद्या संध्याकाळी त्यातूनच एक स्वच्छ सा निघेल. तेव्हा टाळ्या वाजवू नका, हातातले काम तसेच चालू ठेवा. मूल आपण होऊन तुमच्याजवळ येईल आणि म्हणेल, "आई, ऐक ना." त्या वेळी मात्र सगळे काम बाजूला ठेवून ऐका.

जयभीम.