मिटलेली वही उघडा!



सर्जनशील लेखनाच्या तासाला कविता किंवा गोष्ट लिहायला बहुतेक मुले तयार असतात. पण ती वाचून दाखवायची म्हटले की वही पटकन मिटते. आपल्या घरच्या मराठीत कानडी शब्द मिसळलेले असतात, शुद्धलेखनाची खात्री नसते. मग चारचौघांत हसे होईल, असे वाटते. ही भीती स्वाभाविक आहे; पण तिच्यापायी आपण बरेच काही गमावतो.

लिहिताना सगळे चित्र आपल्या मनात असते. त्यातले कागदावर किती उतरले, हे एकट्याला कळत नाही. समजा, एका मुलीने लिहिले, 'मी आजीबरोबर बागेत गेले. ती फार सुंदर होती.' लगेच कोणी तरी विचारील, "सुंदर कोण? आजी की बाग?" वर्ग हसेल, तीही हसेल आणि 'ती' हा शब्द पुढे जपून वापरील. 'बाजारात गर्दी होती' या वाक्यावर मैत्रीण म्हणेल, "कुठला बाजार? काय काय दिसले?" मग दुसऱ्या खर्ड्यात दुर्गदबैलातल्या हातगाड्या, तिथला आरडाओरडा, आईचा घट्ट धरलेला हात हे सारे येईल. ऐकणाऱ्यांनाही लाभ होतो. दुसऱ्याच्या लेखनातली अडचण ओळखता आली की स्वतःच्या लेखनातलीही दिसू लागते.

आपल्या देशपांडे नगरात राहिलेल्या गंगूबाई हनगल (१९१३-२००९) सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळला जात. गुरूंसमोर गायल्याशिवाय गाणे सुधारत नाही, हे आपण सहज मान्य करतो. मग लेखनालाच वेगळा नियम का असावा?

मोठ्या लेखकांनीही हाच मार्ग धरला. पुण्यात १९२३ साली माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे आदी कवींचे 'रविकिरण मंडळ' स्थापन झाले. ही मंडळी चहाच्या निमित्ताने जमत आणि आपल्या कविता एकमेकांना वाचून दाखवीत. पुढे त्यांच्या काव्यगायनाने कविता सामान्य रसिकांपर्यंत पोहोचली. त्याच दशकात आपल्या धारवाडात द. रा. बेंद्रे यांच्याभोवती 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा मेळा जमला होता. बेंद्र्यांची मातृभाषा मराठी. त्यांनी मराठीतही लिहिले, पण कीर्ती मिळवली कन्नड कवी म्हणून. त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. याच मेळ्यातले वि. कृ. गोकाक पुढे ज्ञानपीठाचे मानकरी झाले. घरची भाषा एक आणि गावाची दुसरी, ही अडचण नसून शिदोरी आहे, हे बेंद्र्यांकडे पाहिले की पटते.

वर्गात मात्र काही पथ्ये पाळावीत. वाचणाऱ्याने "माझे काही चांगले झालेले नाही" अशी सुरुवात करू नये. ऐकणाऱ्यांनी आधी आवडलेली एक जागा सांगावी, मग न समजलेली एक जागा. शेरा लेखनावर असावा, लिहिणाऱ्यावर नको. लिहिणाऱ्याने वाद न घालता टिपून घ्यावे. काय बदलायचे, ते शेवटी त्यानेच ठरवावे. एखाद्याला फार खासगी मजकूर वाचायचा नसेल, तर आग्रह करू नये.

पालकांना विनंती, की मुलाने वही पुढे केली तर लगेच लाल पेन घेऊ नका. प्रथम पूर्ण ऐका. ऱ्हस्वदीर्घ नंतरही सुधारता येतात. विश्वस्त मंडळींनीही कधी तरी या तासाला मागच्या बाकावर बसून ऐकावे. मोठी माणसे आपले ऐकतात, हे मुलांना मोठे बक्षीस वाटते.

इथे दुकानात, बसमध्ये, कचेरीत कन्नड चालते आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे मराठी लिहिण्या-वाचण्याच्या जागा मोजक्याच उरतात. मुलांच्या वह्या मिटलेल्या राहिल्या, तर पुढच्या पिढीत आपली भाषा फक्त स्वयंपाकघरात बोलण्यापुरती उरेल. तेव्हा मित्रांनो, पुढच्या तासाला निदान चार ओळी मोठ्याने वाचा. ऐकायला वर्गमित्र आहेतच!