देहू ते फ्रँकफर्ट : हवेतला वेळ, रस्त्यातला वेळ

देहूहून लोहगाव पंचवीस-तीस किलोमीटरवर. तुकाराम महाराजांचं ते आजोळ. 1939 मध्ये तिथं ब्रिटिशांच्या वायुदलाचा तळ झाला आणि पुढे त्याच धावपट्टीवर पुण्याचा नागरी विमानतळ आला. तरीही युरोपला निघालेला देहूकर आजही बहुधा घाट उतरून मुंबईच गाठतो.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला उतरलं. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. 1960 मध्ये बोइंग 707 हे जेट आलं, पुढे न थांबता जाणारी विमानं आली आणि तोच प्रवास नऊ-दहा तासांवर आला. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, म्हणून येण्यापेक्षा जायला आजही जास्त वेळ लागतो.

जमिनीवरचा वेळ कमी झाला तो 2002 मध्ये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याचं पुण्याकडचं टोक देहूरोडजवळ किवळ्याला आलं. बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर तासन्‌तास अडकणाऱ्यांना ही मोठीच सुटका होती.

2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने देहूजवळच्या चाकणला सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै 2008 मध्ये, लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती. विमान छोटं, आसनं सगळी बिझनेस क्लासची. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. इतक्या धावपट्टीवरून, त्यातही उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत, इंधनाने काठोकाठ भरलेलं मोठं विमान उडवणं अवघड. ही सेवा चालवतानाही काही काळ जाताना वाटेत इंधनासाठी थांबावं लागे. पुढे ती बंद पडली.

आकाशातली वाटही कायमची नसते. 2019 मध्ये पाकिस्तानने काही महिने हवाई हद्द बंद केली, एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांसाठी पुन्हा केली. अशा वेळी युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडतो. दोन शहरांमधलं अंतर तेवढंच राहतं, प्रवासाचे तास वाढतात.

2024 मध्ये लोहगावला नवं टर्मिनल सुरू झालं. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने विमानतळाला जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. तो विमानतळ द्रुतगती मार्गाने देहूला मुंबईपेक्षा जवळचा.

पण चाकणचा अभियंता आणि परदेशी मुलांकडे निघालेले देहूचे आजी-आजोबा यांचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. टर्मिनल मोठं झालं, नावाचा मान ठरला. आता लोहगावची धावपट्टी लांबवण्याचं काम सरकारने हाती घ्यावं. लांब पल्ल्याचं विमान तिथून उडेल, तेव्हाच या पट्ट्यातल्या माणसाचा वेळ खऱ्या अर्थाने वाचेल.