क्रिकेटने खुल्या केलेल्या लहरी

ग्वाल्हेरला आकाशवाणीचे केंद्र १९६४ साली सुरू झाले. १३८६ किलोहर्ट्झवर, मीडियम वेव्हवर ऐकू येणारे हे केंद्र लष्करातल्या बाजारपेठांचा रोजचा सोबती होते. लष्कर ही मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० मध्ये ती किल्ल्याखाली पडली आणि तिचेच पुढे शहर झाले. या लष्करातल्या नया बाजारासारख्या पेठांमध्ये सामन्याच्या दिवशी रेडिओ गल्ल्याशेजारी येई. तो नीट लावणे हेही एक कसबच होते. मीडियम वेव्हचा अँटेना संचाच्या आत, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर थोडा फिरवला की आवाज चढतो किंवा पडतो, आणि जवळची ट्यूबलाइट लागली की खरखर सुरू होते. संच कोणत्या कोनात ठेवायचा हे एकदा सापडले, की सामना संपेपर्यंत त्याला कोणी हात लावू देत नसे.

भारतातली रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री १९३०च्या दशकात मुंबईत रुजली. बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्याने इंग्रजीत बोलत आणि माइक दुसऱ्याच्या हाती द्यायला राजी नसत. मराठीत हे काम बाळ ज. पंडित यांनी घडवले. स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेल्या पंडितांनी क्षेत्ररक्षणाच्या जागांपासून फटक्यांपर्यंत सगळे मराठीत, ऐकणाऱ्याला मैदान दिसेल असे सांगितले. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्राबरोबरच आकाशवाणीवरही क्रीडाविषय मराठीत आणला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना मात्र कॉमेंट्री मिळाली ती प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजीत, आलटून पालटून. हिंदी कॉमेंट्रीतले एक मोठे नाव, सुशील दोशी, मध्य प्रदेशातल्याच इंदूरचे.

या कॉमेंट्रीचा पैसा कुठून येत असे? सुरुवातीला जाहिरातीतून नव्हेच. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून तो नवा करावा लागे. १९८०च्या दशकात ही पद्धत गेली. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. म्हणजे आकाशवाणीवरच्या व्यापारी जाहिरातीची सुरुवात महाराष्ट्रात झाली. कॉमेंट्रीच्या अर्थकारणात एक अडचण पहिल्यापासून होती. एका दिवसाच्या सामन्यात पन्नास षटकांच्या डावात षटकांमधल्या मोकळ्या जागा एकोणपन्नास; दोन डावांच्या अठ्ठ्याण्णव. प्रत्येकीत दहा सेकंदांच्या दोन जाहिराती बसवल्या तरी दोनशेच्या आत खेळ संपतो. दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू असताना पडद्याच्या कडेला धावफलक ठेवता येतो. रेडिओवर जाहिरात लागली की सामना थांबतो, आणि ती लांबली की पुढचा चेंडू श्रोत्याच्या हातून जातो.

तरीही १९९० पर्यंत हा हिशोब कोणाला टोचत नव्हता, कारण क्रिकेटच्या प्रक्षेपणाला बाजारभावच नव्हता. तो ठरू लागला माधवराव शिंदे क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना. इंग्लंडच्या १९९३च्या भारत दौऱ्याचे दूरचित्रवाणी हक्क मंडळाने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले आणि दूरदर्शनला आपल्याच देशातले सामने दाखवण्यासाठी पैसे मोजावे लागले. त्या मालिकेतले दोन एकदिवसीय सामने ४ आणि ५ मार्चला, लागोपाठ दोन दिवस, ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर झाले. पहिल्यात नवज्योत सिद्धूने नाबाद १३४ धावा केल्या, दुसऱ्यात अझरुद्दीनने नाबाद ९५. भारताने दोन्ही जिंकले आणि मालिका ३-३ अशी सोडवली. क्रिकेटचे चित्र विकाऊ झाले त्या पहिल्या मालिकेचा शेवट ग्वाल्हेरात झाला, हे या शहराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी हीरो चषक या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांवरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राने सांगितले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खासगी रेडिओच्या युक्तिवादाचा पाया हाच निकाल ठरला.

खासगी आवाज त्याआधीच ऐकू येऊ लागले होते. १९९३ पासून आकाशवाणी आपल्या एफएम वाहिनीवरचे तास मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि गोव्यात खासगी कंपन्यांना विकत असे. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही नावे मुंबईकरांना त्या काळातली. १९९८ मध्ये ही सोय बंद झाली आणि स्वतंत्र केंद्रांचे लिलाव आले. पहिले खासगी केंद्र, रेडिओ सिटी, ३ जुलै २००१ रोजी बंगळूरमध्ये सुरू झाले. रेडिओ मिर्चीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपले पहिले केंद्र इंदूरला काढले. पण या लिलावांच्या पहिल्या टप्प्याचे परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी चढत जाणारे होते. मुंबईत ते पहिल्या वर्षीच पावणेदहा कोटींच्या घरात होते. जाहिरातीचे उत्पन्न त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. विन ९४.६ सारखी केंद्रे बंद पडली, आणि मुंबईकरांना त्यांची आठवण तेवढी उरली.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने एकरकमी प्रवेश शुल्क आणि एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के असा सोपा हिशोब ठरवला. ग्वाल्हेरसारखी शहरे त्यामुळेच या नकाशावर आली. माय एफएम, बिग एफएम, चस्का आणि लेमन ही नावे नया बाजारातल्या दुकानांत याच टप्प्यानंतर पोचली. मोबाइलमध्ये रेडिओ आला होता आणि हेडफोनची वायरच त्याचा अँटेना होती, त्यामुळे गल्ल्याशेजारच्या संचाची गरजही उरली नाही. जाहिरातदार शहरातलेच: साड्या, दागिने, कोचिंग क्लास, आणि थंडीत १९०५ पासून भरत आलेल्या ग्वाल्हेर मेळ्याचा हंगाम. श्रोत्यांची मोजणी २००७ पासून सुरू झाली ती मोजक्या महानगरांतच; लहान शहरातल्या केंद्राला आपले श्रोते किती हे जाहिरातदाराला आकड्याने पटवून देता येत नव्हते.

या केंद्रांना बातम्या आणि क्रिकेटचे थेट समालोचन मात्र बंद होते. ज्या खेळाच्या भांडणातून लहरी खुल्या झाल्या, तोच खेळ त्या लहरींवर आणायला मनाई! २४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक. भारताने ३ बाद ४०१ केल्या आणि १५३ धावांनी सामना जिंकला. शहरातल्या सगळ्या खासगी केंद्रांपासून काही किलोमीटरवर घडणारी ही गोष्ट चेंडूगणिक सांगण्याची मुभा त्यांच्यापैकी एकालाही नव्हती.

कायद्याने परवानगी असती तरी व्यवहार जमला असता का, हा वेगळा प्रश्न आहे. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचा संकेत प्रसार भारतीला द्यावा लागतो. जाहिरात उत्पन्नातला हक्कधारकाचा वाटा दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के, रेडिओसाठी ५०. कायद्याने रेडिओचा वाटा वेगळा धरला तो योग्यच, पण लाभ सरकारी रेडिओपुरता राहिला. दुसऱ्या बाजूला संगीत अगदी स्वस्त झाले: ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने संगीत कंपन्यांचे मानधन केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणले. गाणी दोन टक्क्यांत मिळू लागली. सामन्यासाठी हक्काची किंमत, समालोचक, स्कोअरर, मैदानावरून स्टुडिओपर्यंतची लाइन आणि तंत्रज्ञ हवेत. चार तासांच्या गाण्यांत जाहिराती हव्या तिथे पेरता येतात, सामन्यात त्या षटकांमधल्या फटींतच बसवाव्या लागतात.

अमेरिकेत हा तिढा गप्पांनी सुटला. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएफएएन १ जुलै १९८७ रोजी चोवीस तास खेळाचे केंद्र म्हणून सुरू झाले. श्रोत्यांचे फोन आणि निवेदकाची मते यांना हक्कशुल्क लागत नाही. असे श्रोते बहुतांश कमावते पुरुष असतात आणि त्यांच्यासाठी मोटार, बिअर, विमा विकणारे जादा दर मोजतात. श्रोतावर्ग लहान असूनही उत्पन्न मोठे, असे हे गणित. भारतात बातम्यांवरच्या बंदीमुळे खेळावर दिवसभर बोलणारे केंद्र काढायचे म्हटले तरी वादाची शक्यता राहिली असती.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एक खिडकी उघडली. खेळांची माहिती बातमी मानली जाणार नाही. थेट प्रक्षेपण नाही, मात्र स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांची थेट कॉमेंट्री चालेल, असे त्यात म्हटले आहे. ग्वाल्हेर हे हॉकीचे शहर. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंह शिंद्यांच्या फौजेत होते, आणि स्टेडियमला त्यांचे नाव आहे. सिंधिया सुवर्णचषकासारख्या हॉकी स्पर्धा इथे भरत आल्या आहेत. क्रिकेटसारखे हक्कांसाठी कोटी मोजावे न लागणारा हा खेळ लहान शहराच्या एफएमला परवडण्याजोगा आहे, असे ठामपणे म्हणता येते. पस्तीस मिनिटांचे दोन भाग असलेली जुनी हॉकी जाहिरातीला जागाच देत नव्हती. आता पंधरा मिनिटांची चार सत्रे आहेत, म्हणजे तीन हक्काच्या विश्रांती. एका साडीच्या दुकानाला, एका कोचिंग क्लासला आणि एका मिठाईवाल्याला वाटून द्यायला तेवढ्या पुरतात.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटची रेडिओ कॉमेंट्री मात्र आकाशवाणीकडेच राहिली. मायदेशातल्या सामन्यांसाठी आणि रणजीसारख्या देशांतर्गत स्पर्धांसाठी तिने सप्टेंबर २०१९ मध्ये मंडळाशी दोन वर्षांचा करार केला. मीडियम वेव्हचे प्रक्षेपक देशभर एकेक करून बंद होत आहेत, आणि आकाशवाणीचे केंद्र मोबाइलच्या ॲपवरही ऐकता येते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामन्याने ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतले, तेव्हा ते रूपसिंह स्टेडियमवर नव्हते. ते शंकरपूरच्या माधवराव सिंधिया स्टेडियमवर होते, क्रिकेटला बाजारभाव मिळाला तेव्हाच्या मंडळाध्यक्षांच्या नावाच्या मैदानावर.