गुहेतली वटवाघळं काही महिन्यांनी कमी का दिसतात?

महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये वटवाघळं राहतात, हे तिथे जाणाऱ्या अनेकांना माहीत असतं. पण अशा गुहांमध्ये त्यांची संख्या वर्षभर सारखी नसते. एका मोसमात गच्च भरलेलं छत काही महिन्यांनी बरंच रिकामं दिसू शकतं. मग वटवाघळं मेली की पळून गेली? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं.

संख्या का बदलते?

मुख्य कारण म्हणजे वीण. महाबळेश्वरला आढळणाऱ्या, कीटक खाणाऱ्या वाकड्या पंखांच्या वटवाघळांच्या माद्या पिल्लांसाठी ठरावीक गुहेत जमतात. नवजात पिल्लांच्या अंगावर केस नसतात. शेकडो जीव खेटून राहिले की गुहेचा तो भाग उबदार राहतो. पिल्लं उडायला लागली की हा जमाव दुसऱ्या गुहांमध्ये पांगतो. अन्न, तापमान आणि ओलावा यांनुसारही मुक्काम बदलतो.

पिल्लं कधी होतात?

नागपूरच्या विज्ञान संस्थेतले प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वटवाघळांच्या विणीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून दिसलेलं वेळापत्रक असं:

• वाकड्या पंखांची वटवाघळं: मीलन फेब्रुवारीच्या सुमारास, पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर. वर्षातून एकदा, एकच पिल्लू.

• गुहेत राहणारी फळखाऊ रुसेट वटवाघळं: वर्षातून दोनदा वीण. पहिलं पिल्लू मार्चच्या सुमारास, दुसरं जुलैच्या.

मग अडचण कुठे आहे?

एप्रिल-मे हा महाबळेश्वरचा गर्दीचा मोसम. नेमक्या त्याच काळात गुहेतल्या माद्या गाभण असतात किंवा पिल्लांना दूध पाजत असतात. टॉर्च, फ्लॅश, आरडाओरडा किंवा धूर यांमुळे थवा उठला तर पिल्लं खाली पडू शकतात. जी मादी वर्षाला एकच पिल्लू देते, तिचं ते वर्ष वाया जातं.

वटवाघळं हटवली तर आजार टळतील?

मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्यातल्या काहींमध्ये निपाहच्या अँटीबॉडीज आढळल्या. २०२१ मध्ये ही बातमी आली आणि भीती पसरली. अँटीबॉडीज म्हणजे विषाणूशी आधी संपर्क आल्याची खूण. ते वटवाघूळ आज आजारी आहेच, असा त्याचा अर्थ नाही.

युगांडातल्या किटाका खाणीतली रुसेट वटवाघळं २००८ मध्ये मारून टाकण्यात आली. काही वर्षांनी तिथे पुन्हा आलेल्या वटवाघळांमध्ये मारबर्ग विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं.

आपण काय करायचं?

विणीच्या काळात गुहेत आत जाऊ नका. वटवाघळांना किंवा खाली पडलेल्या पिल्लांना हात लावू नका. त्यांनी उष्टावलेली फळं खाऊ नका. आणि गुहा रिकामी दिसली म्हणून ती बुजवू किंवा जाळू नका. पुढच्या मोसमात माद्या पिल्लांसाठी तिथेच परतणार असतील.