सर्वऋतू धावपट्टीवरील अश्वशर्यती आणि पैजेचे गणित

प्रस्तावना

घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावणारा मनुष्य प्रामुख्याने तीन गोष्टींचा विचार करतो : घोडा, जॉकी आणि जमीन. पहिल्या दोहोंची माहिती शर्यतीच्या पुस्तिकेत छापलेली असते. तिसरी मात्र पावसापाण्यावर अवलंबून असते. हिरवळीच्या धावपट्टीवर आदल्या रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाचे सर्व अंदाज उलटेपालटे करू शकतो. वाळू आणि कृत्रिम धाग्यांच्या मिश्रणातून तयार केलेल्या 'ऑल-वेदर' अर्थात सर्वऋतू धावपट्टीने ही अनिश्चितता बऱ्याच अंशी दूर केली. जमीन स्थिर झाली म्हणजे निकालाचा अंदाजही सोपा झाला आणि पैज लावणाऱ्याची बाजू बळकट झाली, असा समज त्यातून निर्माण होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत खरा आहे, हे मुख्यत्वे ब्रिटनमधील अनुभवाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्वऋतू धावपट्टीचे स्वरूप

ब्रिटनमधील पहिली सर्वऋतू शर्यत ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लिंगफील्ड येथे झाली. त्याच वर्षी साउथवेल येथेही अशी धावपट्टी सुरू झाली. त्यानंतर १९९३ मध्ये वुल्वरहॅम्प्टन, २००६ मध्ये केम्पटन आणि २०१६ मध्ये न्यूकॅसल यांची भर पडली. २००८ मध्ये ग्रेट लीज या नावाने सुरू झालेले शर्यतीचे मैदान २००९ च्या जानेवारीत बंद पडले व २०१५ मध्ये चेम्सफर्ड सिटी या नावाने पुन्हा उघडले. आयर्लंडमध्ये २००७ साली डंडॉक येथे सर्वऋतू धावपट्टी तयार झाली.

या धावपट्ट्यांचे पृष्ठभाग एकसारखे नाहीत. 'फायबरसँड'मध्ये वाळूत पॉलिप्रॉपिलीनचे धागे मिसळलेले असतात. 'पॉलीट्रॅक'मध्ये सिलिका वाळू, कृत्रिम धागे व रबर यांच्या मिश्रणावर मेणाचा लेप असतो. 'टॅपेटा' हेही वाळू, धागे आणि मेण यांचेच मिश्रण होय. मेणामुळे कणांवर पाणी धरून राहत नाही. ते खालच्या थरांतून निचरून जाते. हिरवळीच्या जमिनीचे वर्णन 'कठीण'पासून 'अतिशय जड'पर्यंत अनेक पायऱ्यांनी करावे लागते. सर्वऋतू धावपट्टीचे वर्णन मात्र बहुतेक दिवशी 'प्रमाण' या एका शब्दात आटोपते. तरीही 'सर्वऋतू' हे नाव शब्दशः घेता येत नाही. दाट धुके, हिमवर्षाव किंवा तीव्र गारठा यांमुळे येथील शर्यतीही प्रसंगी रद्द होतात.

निर्मितीमागील आर्थिक कारण

ही धावपट्टी कोणाच्या गरजेतून निर्माण झाली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून शर्यतीच्या मैदानाबाहेर पैज स्वीकारणाऱ्या दुकानांना कायदेशीर मान्यता मिळाली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने बुकमेकरांकडून अधिभार गोळा करून तो अश्वशर्यतींसाठी वापरणारे मंडळ स्थापन झाले. अशा रीतीने शर्यत आणि पैज यांचे अर्थकारण एकमेकांत गुंतले. हिवाळ्यात जमीन गोठली की शर्यती रद्द होत; शर्यती नसल्या की दुकानात पैज नाही आणि पैज नाही तर अधिभारही नाही. १९८७ पासून उपग्रहाद्वारे शर्यतींचे थेट प्रक्षेपण या दुकानांत पोहोचू लागल्यावर दररोज, ठरलेल्या वेळी शर्यत उपलब्ध असणे अधिकच गरजेचे झाले.

सर्वऋतू धावपट्टी ही या गरजेची पूर्तता होती. वुल्वरहॅम्प्टन येथे १९९३ मध्ये प्रकाशझोतात शर्यती सुरू झाल्या, तेव्हा हवामानाबरोबरच सूर्यास्ताचेही बंधन गळून पडले. पुढे २०१३-१४ च्या हंगामापासून सर्वऋतू अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच गुड फ्रायडेच्या दिवशी शर्यती झाल्या. या उपक्रमांमुळे दर्जेदार घोडेही या धावपट्टीकडे वळले, हे मान्य केले पाहिजे. तथापि नित्याच्या सायंकाळी धावणारे बहुसंख्य घोडे आजही कनिष्ठ श्रेणीतीलच असतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. २०१७ पासून हा अधिभार बुकमेकरांच्या ब्रिटिश शर्यतींवरील ५ लाख पौंडांहून अधिक असलेल्या ढोबळ नफ्याच्या १० टक्के दराने आकारला जातो. ढोबळ नफा म्हणजे जमा झालेल्या पैजा वजा परत दिलेली रक्कम. म्हणजेच पैज लावणाऱ्यांचा एकत्रित तोटा. बक्षिसांचा काही भाग या अधिभारातून येतो. याचा अर्थ असा की, पैज लावणाऱ्यांच्या तोट्यावर या व्यवस्थेचा एक आधारस्तंभ उभा आहे.

जमीन स्थिर, निकाल अस्थिर

जमिनीची अनिश्चितता कमी झाली तरी निकालाची अनिश्चितता नाहीशी होत नाही. ती अन्य घटकांकडे सरकते. पहिला घटक म्हणजे वजनाची बरोबरी. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याला त्याच्या अधिकृत गुणांकनानुसार वजन दिले जाते. एक गुण म्हणजे एक पौंड वजन. चांगल्या घोड्यावर अधिक भार टाकून सर्वांना समान संधी देणे हाच या पद्धतीचा उद्देश असतो. जिंकणाऱ्या घोड्याचे गुणांकन वाढते आणि पुढच्या वेळी त्याला अधिक वजन वाहावे लागते. म्हणजे अभ्यासकाला जी गुणवत्ता दिसते, ती हँडिकॅप ठरवणाऱ्या अधिकाऱ्यालाही दिसलेली असते.

दुसरा घटक धावपट्टीच्या आकाराचा. वुल्वरहॅम्प्टनची धावपट्टी लहान व लंबवर्तुळाकार आहे. लिंगफील्ड येथे अखेरच्या वळणापूर्वी उतार लागतो. केम्पटन येथे घोडे उजवीकडे वळतात, तर न्यूकॅसल येथे एक मैलाची सरळ धाव आहे. साहजिकच एका ठिकाणी यशस्वी ठरलेला घोडा दुसऱ्या ठिकाणी तसाच धावेल असे नाही. शिवाय वळण जवळ असल्यास बाहेरच्या बाजूने सुटणाऱ्या घोड्याला अधिक अंतर कापावे लागते.

तिसरा घटक शर्यतीच्या गतीचा. पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडणारी वाळू मागच्या घोड्यांच्या तोंडावर आदळते. फायबरसँडवर हा त्रास विशेष होता, म्हणून साउथवेल येथे सुरुवातीपासून आघाडी घेणाऱ्या घोड्यांना लाभ होई. डिसेंबर २०२१ मध्ये तेथे टॅपेटा बसविण्यात आले आणि जुन्या निकालांवरून बांधलेले आडाखे एका हंगामात कालबाह्य ठरले. 'स्थिर' पृष्ठभागही व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने बदलू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत कृत्रिम पृष्ठभागाचा विचार प्रामुख्याने घोड्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने झाला. तेथील पारंपरिक शर्यती मातीच्या धावपट्टीवर होतात. कॅलिफोर्नियातील नियामक मंडळाने २००६ मध्ये प्रमुख धावपट्ट्यांना कृत्रिम पृष्ठभाग बंधनकारक केला. परंतु सांता अनिता येथे निचऱ्याच्या अडचणींमुळे २००८ च्या आरंभी शर्यतींचे अनेक दिवस वाया गेले आणि २०१० च्या अखेरीस तेथे पुन्हा माती आली. केंटकीतील कीनलँडने २०१४ मध्ये, तर डेल मारने २०१५ मध्ये हाच मार्ग धरला. मातीच्या तुलनेत कृत्रिम पृष्ठभागावर प्राणघातक दुखापतींचे प्रमाण कमी असल्याचे अमेरिकेतील २००९ पासूनच्या नोंदी दाखवितात. तरीही परंपरा, खर्च व पैज लावणाऱ्यांची नाराजी यांचे पारडे जड ठरले.

ही नाराजी समजण्याजोगी आहे. २००८ मध्ये सांता अनिता येथील कृत्रिम धावपट्टीवर झालेल्या ब्रीडर्स कप क्लासिक शर्यतीत मातीवरील अव्वल घोडा कर्लिन चौथा आला; पहिले दोन क्रमांक रेव्हन्स पास व हेन्रीदनॅव्हिगेटर या युरोपातून आलेल्या घोड्यांनी पटकावले. याउलट २०११ ची केंटकी डर्बी जिंकणारा ॲनिमल किंगडम त्यापूर्वी मातीवर एकदाही धावला नव्हता. त्याचा भाव २० ला १ होता. पूर्वीची कामगिरी एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी नेता येत नाही, हेच या दोन्ही निकालांवरून दिसते.

भावांचे गणित

समजा, एखाद्या शर्यतीत सहा घोडे आहेत आणि त्यांचे भाव अनुक्रमे २ ला १, ३ ला १, ४ ला १, ६ ला १, ९ ला १ व ११ ला १ असे आहेत. २ ला १ या भावात एकतृतीयांश, म्हणजे ३३.३ टक्के शक्यता गृहीत असते. याच रीतीने पुढील आकडे २५, २०, १४.३, १० व ८.३ असे येतात. त्यांची बेरीज १०० नव्हे, तर सुमारे १११ होते. कोणताही घोडा जिंकला तरी १०० पौंड मिळावेत अशा बेताने सर्व घोड्यांवर पैसे लावल्यास १११ पौंड खर्च होतील. वरचे ११ पौंड, म्हणजे गोळा झालेल्या रकमेच्या सुमारे १० टक्के, हा बुकमेकरचा वाटा होय.

हा वाटा एका पैजेत किरकोळ वाटतो. मात्र हाती येणारी सर्व रक्कम पुढच्या शर्यतीवर लावत गेल्यास सरासरीने १०० पौंडांचे दहा शर्यतींनंतर सुमारे ३५ पौंड उरतात. जमीन कोरडी आहे की ओली, याचा या हिशेबाशी संबंध नाही. २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या पैज-विनिमय केंद्रांवर मध्यस्थाचा वाटा कमी असतो. परंतु तो शून्य नसतो. शिवाय तेथे समोरची पैज घेणारी व्यक्ती अधिक माहितगार असण्याचा संभव असतो. अभ्यासू व्यक्तीने सरासरी माणसापेक्षा सरस असणे पुरेसे नाही. तिने हा वाटा भरून निघेल इतके सरस असावे लागते.

सर्वऋतू शर्यतींचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. त्यांनी हा वाटा वाढविला नाही. तो देण्याचे प्रसंग वाढविले. हिवाळ्यातल्या सायंकाळीही थोड्या थोड्या वेळाने नवी शर्यत समोर येते. गेलेले पैसे लगेच भरून काढण्याची धडपड हे जुगाराच्या व्यसनाचे सर्वमान्य लक्षण आहे, आणि अखंड वेळापत्रक नेमक्या त्याच धडपडीला वाव देते. पूर्वी गोठलेली जमीन नकळत जी विश्रांती देत असे, ती आता उरलेली नाही.

भारतीय संदर्भ

मुंबईत १८८३ पासून महालक्ष्मी येथे शर्यती होत आहेत. पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम पुण्याला हलतो. या शर्यती हिरवळीवर होतात, त्यामुळे सर्वऋतू धावपट्टीचा प्रश्न येथे थेट उद्भवत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन प्रकरणात अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे ठरविले. या निर्णयाचा अनेकदा चुकीचा अर्थ लावला जातो. कौशल्याचा प्रभाव असणे आणि पैज लावणाऱ्यांना एकूण लाभ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कायद्याच्या वर्गीकरणाची बाब आहे, तर दुसरी अंकगणिताची.

समारोप

सर्वऋतू धावपट्टीने पावसाची अनिश्चितता कमी केली, घोड्यांच्या पायांना काही प्रमाणात अधिक सुरक्षित जमीन दिली आणि शर्यत उद्योगाला वर्षभराचे उत्पन्न मिळवून दिले. पैज लावणाऱ्याच्या पदरात मात्र निश्चिततेचा केवळ आभास पडला. जमिनीचे कोडे सुटले तरी वजन, वळण आणि गती यांची कोडी कायम राहिली; बुकमेकरचा वाटाही कायम राहिला. संभाव्यता, अपेक्षित मूल्य आणि संस्थात्मक हितसंबंध या संकल्पना गणित व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समजावून देताना हे उदाहरण उपयुक्त ठरेल. एखादी व्यवस्था अधिक नियमित झाली म्हणजे ती सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला अधिक अनुकूल झाली असे नव्हे. ती नियमितता कोणासाठी निर्माण केली गेली, हे आधी तपासावे लागते.